बाण न लागणारा सदरा

बाण सुटला, बोकडाच्या बरगडीवर आदळला आणि टपकन खाली पडला. बोकडाने मान वळवून त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा कोबीचं पान चघळायला लागला.

लिपनिक गावच्या चर्चसमोर नुसता कल्लोळ उठला. बायका छातीवर क्रूस काढू लागल्या. म्हातारा गिरणीवाला चिखलातच गुडघे टेकून बसला. कारण ह्याच धनुष्यातून सुटलेला पहिला बाण चर्चच्या ओकच्या लाकडी दारात घुसून अजून थरथरत होता. आणि बोकडाच्या अंगात होतं काय? तागाचा एक साधा सदरा!

"बघा, लेकरांनो!" पिंपावर चढलेला फिरता साधू यारोशबाबा ओरडला. शेजारी त्याचा धनुर्धारी. अंगात तसाच सदरा, हातात चांदीची डबी, डबीत एक पिवळं हाड. "ही संताची बरगडी! हिच्या पाण्यात बुडवलेला सदरा ज्याच्या अंगात, त्याच्यापुढे लोखंड लाजतं. मुक्या बोकडाला पावला, तो तुम्हाला पावणार नाही?"

गर्दीच्या मागे उभा राहून मी हे बघत होतो.

मी माटेय. जखमा शिवतो, हाडं बसवतो, उरलेल्या वेळात गावाच्या दाढ्या करतो. आमच्या सरदाराचं नदीपलीकडच्या गढीशी भांडण पेटलं होतं आणि पहिल्या चकमकीतले जखमी बघून मी त्याच सकाळी परतलो होतो. तिथे शेजारच्या होर्का गावचा एक कोवळा पोरगा माझ्यासमोर पडला होता. बाण पोटात. अंगावर फक्त सदरा. बाण काढला तेव्हा आत गेलेला सदऱ्याचा तुकडा रक्ताने चिकट होऊन त्याच्याबरोबर बाहेर आला. पोरगा मला विचारत होता, "काका, सदरा पाण्यात बुडवलेला होता हो. माझीच श्रद्धा कमी पडली का?"

तेच विचारत तो गेला. कोणत्या पाण्यात, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. आता कळलं.

"आणि एक ध्यानात ठेवा," यारोश सांगत होता, "सदऱ्यावर डगला चालणार नाही! संत अंगावर असताना वर चिंध्यांचं चिलखत चढवायचं? हा संताचा अपमान. डगले इकडे टाका. देवाच्या कामी लावीन."

त्याची गाडी शेजारीच उभी होती. कापडाचे थर घालून दाट शिवलेला डगला म्हणजे आमच्या गरिबांचं एकमेव चिलखत. बायका हिवाळाभर बोटं फोडून घेत तो शिवतात. आणि आमचे गडी रांगेने ते डगले गाडीत फेकत होते, हसत हसत!

माझी पुतणी दोरोता मात्र नवऱ्याचा डगला छातीशी धरून उभी होती. दिवस भरत आलेले. तिचा नवरा हावेल तिची समजूत काढत होता.

"दे गं. सगळे बघतायत."

"बघू देत. बाबा, एक विचारू?" तिने आवाज चढवला. "हा संत मेला कशाने?"

यारोशने डोळे मिटले. "बाणांनी, बाळ. पापी राजाने त्याला झाडाला बांधून विंधलं."

"म्हणजे त्याला स्वतःला बाण चुकवता आले नाहीत, आणि त्याचं हाड आमच्या नवऱ्यांना वाचवणार?"

कुणीतरी खुदकन हसलं. गिरणीवाला मात्र खवळला. "पोटुशी बाई आणि तोंड बघा! संताचा कोप होईल गावावर!"

मी गर्दीतून वाट काढत बोकडापाशी गेलो आणि खाली पडलेला बाण उचलला. हातात घेताच समजलं. पिसासारखा हलका! दांडी पोकळ बोरूची. टोक दाताखाली धरलं तर दात रुतला. मेण. वर काजळी फासलेली.

"मेण आहे हे!" मी ते दोन बोटांत चुरडून दाखवलं. "भात्यात दोन जातीचे बाण आहेत. दाराला लोखंडाचा, बोकडाला मेणाचा."

मग गिरणीवाला हात जोडून म्हणाला, "धन्य, धन्य! संताने लोखंडाचं मेण केलं!"

आणि गर्दीने मान डोलावली. खोटं सांगतो तो यारोश निदान पोटासाठी सांगतो. ह्यांना काय मिळत होतं? मला थुंकावंसं वाटलं.

दोरोता मात्र थांबली नाही. "हावेल, दारातला बाण उपट. बोकडाचा सदरा काढून त्या समोरच्या खांबाला गुंडाळ आणि मार."

हावेल क्षणभर घुटमळला. मग त्याने बाण उपटला, यारोशच्या धनुर्धाऱ्याकडून धनुष्य हिसकावलं आणि बाण सोडला. सदरा फाडून तो खांबात बसला.

"श्रद्धा!" यारोश किंचाळला. "ह्या बाईने शंका घेतली, सदरा बाटला!"

"मग तुमच्या अंगातला सदरा तर बाटलेला नाही ना?" दोरोता म्हणाली. "श्रद्धाही भरपूर. खांबापाशी उभे राहा, बाबा. माझा नवरा फार लांबून नाही मारणार."

हावेलने भात्यातून दुसरा बाण काढून लावला. लोखंडाचा.

यारोश पिंपावरून उतरला नाही, पडला. पडल्या पडल्या त्याने अंगातला सदरा असा ओरबाडून काढला की जणू त्याला आग लागली होती. "नको रे बाबांनो! घरी लेकरं आहेत!" साधूला लेकरं! मग त्याने सगळं ओकून टाकलं. डगले तो नदीपलीकडच्या गढीला विकत होता. होर्काच्या पोरांचे डगले घालूनच त्या लोकांनी होर्काची पोरं मारली होती.

लोक त्याला ठेचणारच होते. मीच आडवा आलो, कारण त्याला होर्काच्या आयांसमोर उभं करायचं होतं. सरदाराच्या शिपायांनी नेलं त्याला. पण वाटेतच त्यांच्यातल्या कुणाला तरी बरगडीचा तुकडा देऊन तो सटकला. पुढच्या जत्रेत म्हणे दातदुखीचं पवित्र पाणी विकत होता, आणि रांग होती.

आमचे गडी डगले घालून लढाईला गेले. हावेल परतला, खांद्यावर डगला फाटून आणि आत नुसता ओरखडा घेऊन. दोरोताला मुलगी झाली. सगळेच परतले असं मात्र नाही. डगलाही सगळं थांबवत नाही, आणि थांबवतो असं कुणी शिवणारी कधी सांगत नाही.

गिरणीवाला अजून म्हणतो की संत रागावला होता. म्हणू दे. तुम्ही, जे ऐकताय, तुमच्या गावातही कुणीतरी पिंपावर चढेल. तेव्हा हात जोडण्याआधी पडलेला बाण उचलून बघा. दाताखाली धरा. आणि देणाऱ्यालाच सांगा, आधी तू घाल. एवढं विचारल्याने खरा संत कधी रागावणार नाही. जो रागावेल त्याच्या गाडीत काय आहे, ते उघडून बघा.