हळदीची साक्ष

मित्रांनो, मी एक जुना भुयारी पाट आहे. किन्हीराजा गावाच्या शिवारात, भूमीच्या उदरात माझा वास आहे. मी मेलो, असे आपल्या कानी आले असेल, तर ते विसरावे.

टेकडीच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी हुडकून कुण्या अनाम हातांनी मला मुरमातून कोरले. उतार इतका सौम्य दिला की माझे पाणी धावत नाही, चालते. माथ्यावर विहिरीसारखी सात तोंडे ठेवली. त्यांना उसासे म्हणतात. त्यांतून मला वारा मिळतो आणि गाळ काढणाऱ्यास आत उतरता येते. शेवटी मी एका दगडी कुंडात प्रकट होतो. वऱ्हाडातल्या उन्हाला माझे पाणी कधी चोरता आले नाही.

गावातल्या देवमन शेतकऱ्याचा बाप दर उन्हाळ्यात माझा गाळ काढी. मग पहिल्या उसाशात कालवलेली हळद ओती आणि सारा गाव कुंडाकाठी बसे. पाणी पिवळे झाले की वाट मोकळी आहे, असे समजावे. पुढे घरोघरी बोअर आले आणि माझ्याकडे कोणी फिरकेना. मी वाहणे सोडले नाही.

एके वर्षी देवमनचे वासरू पाचव्या उसाशात पडून मेले. दुःखाच्या भरात त्याने एका रात्री, कोणाला न सांगता, ते तोंड दगडांनी भरून टाकले. तेथे माझा श्वास कोंडला, गाळ साचला, कुंड आटले. गाव म्हणाले, पाट मेला. देवमनही तेच म्हणाला.

यंदाच्या वैशाखात कुंड बुजवून वर चौथरा बांधण्याचे ठरले. जेसीबीवाला मदनसिंग यंत्र घेऊन आला, तर देवमनची सून अंजना कुंडाच्या काठावर ठाण मांडून बसलेली. तिचा बोअर कोरडा पडला होता, हळदीचे बेणे लावायचे होते, आणि त्या वावराला माझ्याविना दुसरे पाणी नव्हते.

ती शांतपणे म्हणाली, "सकाळीच पहिल्या उसाशात हळद ओतली. दिवस बुडेपर्यंत थांबा. पानी पिवळं नाही झालं, तं खुशाल बुजवा."

"वहिनी, खड्ड्याले हळद लावून राह्यल्या," मदनसिंग हसला, "वरातही काढता का?"

माध्यान्ह टळली. कुंडाच्या तळाशी उरलेले ओंजळभर पाणी स्वच्छच होते. लोक उठून जाऊ लागले. हळद कोठे अडली आहे, हे मला ठाऊक होते. आणखी एकालाच ते ठाऊक होते, आणि तो बाभळीच्या सावलीत मान खाली घालून बसला होता.

तिसऱ्या प्रहरी देवमन उठून सुनेपुढे उभा राहिला.

"पाट मेला नाही, बाई. मीनंच त्याचा गळा दाबला."

मग त्या म्हाताऱ्याने कमरेला दोर बांधला आणि पाचव्या उसाशात उतरला. मदनसिंगने जेसीबीच्या सोंडेला टोपले अडकवले. बुजवाले बोलावता अन् उकराले लावता, अशी कुरकुर तो करीत होता, पण दगडामागून दगड वर घेत होता. शेवटचा दगड हलला, आणि मी कित्येक वर्षांनी छाती भरून श्वास घेतला. कोंडलेले पाणी गाळासकट असे उसळले की देवमनला घाईघाईने वर ओढावे लागले.

त्याचे पाय गुडघ्यापर्यंत पिवळे झाले होते.

अंजनाने पदराने डोळे टिपले, आणि तिला हसूही आवरेना. "मामाजी, नवरदेव दिसून राह्यले तुमी."

मदनसिंगने यंत्र बंद केले. सूर्य टेकडीला टेकला, तेव्हा कुंडात एक पिवळी रेघ उतरली आणि हळूहळू पसरली.

मित्रांनो, मला आपली दया नको. मला हारही घालू नका, कारण हार कुजून त्याचाही गाळच होतो. वर्षातून एकदा कुदळ घेऊन आत उतरा. आणि मला मृत ठरवण्याआधी एवढेच पाहा, की माझ्या उरावरचा दगड आपणच तर ठेवलेला नाही ना.