दोऱ्याखालची रेघ

"मागचं आज मी नाही करणार," क्षमाताई म्हणाल्या आणि ट्रिमर बेसिनच्या कडेवर ठेवून बाजूला झाल्या.

नंदकुमार स्टुलावर बसले होते. खांद्यावर जुना टॉवेल, पायांखाली वर्तमानपत्र. मानेमागून पुढे आणलेल्या पांढऱ्या दोऱ्याची दोन टोकं त्यांच्या दोन मुठींत होती. वरचे आणि कानांजवळचे केस त्यांनी स्वतःच कापले होते. मानेवरची रेघ तेवढी राहिली होती.

विक्रोळीच्या एका कारखान्यात मोजमाप विभागात त्यांची चौतीस वर्षं गेली. यंत्रावरून उतरलेला सुटा भाग मापात आहे की नाही, एवढंच सांगण्याचं काम. नाहूरला राहायला आल्यावर त्यांनी खालच्या न्हाव्याला एकदा "बारा मिलिमीटर ठेवा" असं सांगितलं होतं. तो हसला. तेव्हापासून, म्हणजे एकतीस वर्षं, ते घरीच केस कापत. स्वतःची मान स्वतःला दिसत नाही, ही मर्यादा त्यांना मान्य होती. त्यावरचा उपाय म्हणजे दोरा. दोन्ही कानांच्या पाळ्यांखालून तो सारख्या उंचीवर ताणून नंदकुमारांनी धरायचा आणि त्याखालचे केस क्षमाताईंनी काढायचे.

वार शनिवार. शनिवारी केस कापू नयेत, असं क्षमाताईंच्या माहेरी मानत. नंदकुमारांनी शनिवार निवडला तो त्यासाठीच. "निरीक्षण चालू आहे," ते दर महिन्याला सांगत. "अद्याप काही घडलेलं नाही."

तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी क्षमाताईंना कंपवात असल्याचं सांगितलं होतं.

"तरी मी सांगत होते, शनिवार नको," त्या आता म्हणाल्या. स्वरात नेहमीची थट्टा होती, पण तळाशी काहीतरी बसलेलं होतं.

"केस माझे. काही व्हायचं तर माझ्या हाताला व्हायला हवं होतं."

"नवऱ्याचं बायकोवर येतं."

एका जोडप्यावरून निष्कर्ष काढता येत नाही, हे वाक्य नंदकुमारांच्या ओठांवर आलं. त्यांनी ते गिळलं आणि दोरा सोडला.

मंगळवारी मुलुंडहून रेवती आली. तिने दारातच वडिलांना मागून पाहिलं. "बाबा, हे काय? पुढून साहेब आणि मागून साधू. आमच्या इथे मस्त सलून आहे, चल माझ्यासोबत."

"बघू."

"बघू काय? मान दिसत नाहीये तुझी."

"जा ना अहो तिच्याबरोबर," क्षमाताई आतून म्हणाल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात ट्रिमरचा डबा होता. "आणि हा घेऊन जा गं. जावयांना होईल. इथे पडूनच राहणार."

नंदकुमारांनी डब्याकडे पाहिलं. गेल्या आठवड्यात रांगोळीचे डबे शेजारच्या दिशाकडे गेले होते. त्याआधी विणायच्या सुया. एक वस्तू म्हणजे योगायोग, दोन म्हणजे शंका. तिसरीनंतर त्याला कल म्हणावं लागतं.

"डबा राहू दे," ते म्हणाले. "मला लागेल."

रेवतीने आईकडे पाहिलं, मग वडिलांकडे, आणि डबा टेबलावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर नंदकुमारांनी वर्तमानपत्र पसरलं, स्टूल ठेवलं आणि टॉवेल घेऊन बसले.

"अहो, आज बुधवार आहे," क्षमाताई म्हणाल्या.

"कॅलेंडर पाहूनच बसलोय."

"आणि तुमचं निरीक्षण?"

"संपलं. एकतीस वर्षं पुरेत."

त्या हलल्या नाहीत. पदराआड उजवा हात थरथरत होता.

"कानाला लागलं तर?"

"ट्रिमर आहे, वस्तरा नव्हे. आणि डॉक्टर काय म्हणाले? हात मोकळा असताना थरथर जास्त, काम करताना कमी. हे पडताळून पाहता येतं. मी बसलोय."

"नेहमी तुमचंच खरं."

"नेहमी नाही. पडताळल्यावर."

ट्रिमर सुरू झाला. नंदकुमारांनी दोरा ताणला. समोरच्या आरशात त्याची दोन्ही टोकं दोन्ही पाळ्यांखाली बरोबर सारख्या अंतरावर होती. त्यांनी तीनदा तपासलं. मानेवर ट्रिमर टेकला, उचलला गेला, पुन्हा टेकला. मधेच क्षमाताईंचा डावा हात आधारासाठी त्यांच्या खांद्यावर आला आणि तिथेच राहिला. एरवी चार मिनिटांचं काम. आज अकरा लागली. नंदकुमारांनी मान हलवली नाही.

"झालं," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "अहो, डावीकडे उतरलीय."

त्यांनी दोरा मांडीवर ठेवला आणि छोटा आरसा मागे धरून पाहिलं. रेघ डावीकडे निदान चार मिलिमीटर उतरली होती. मधे एक पायरीही होती. कारखान्यात असा भाग त्यांनी दुसऱ्यांदा न पाहता बाजूला काढला असता.

"दोरा मी धरला होता," ते म्हणाले. "मीच तिरका धरला."

"तुम्ही?"

"वय झालं माझं. पुढच्या महिन्यात नीट धरेन."

क्षमाताई आरशातून त्यांच्याकडे पाहत राहिल्या. एकतीस वर्षांत या माणसाने दोरा तिरका धरला नव्हता, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. ट्रिमर त्यांनी ब्रशने साफ केला, डब्यात ठेवला आणि डबा बेसिनवरच्या कपाटात, त्याच्या जागी सरकवला.

मग त्यांनी दोऱ्याचं एक टोक उचललं आणि रिळाला गुंडाळायला घेतलं. रीळ बोटांत हलत होतं, वेढे एकावर एक पडत होते. नंदकुमार टॉवेल न झटकता तसेच बसून राहिले, दुसरं टोक धरून, दोरा संपेपर्यंत.