बर्फातली पिशवी

दवाखान्यातल्या त्या रक्त तपासणाऱ्या डिंपलचं वागणं मले आल्यापासून खुपून राह्यलं होतं. माह्या नातीच्या, मयुरीच्या, हिरड्यांतून रक्त थांबेना. डेंग्यूनं प्लेटलेट पार तळाले गेलेल्या. अन् ही बया प्लेटलेटची पिशवी चढवाले द्यायची सोडून ट्यूबलाइटसमोर हलवत उभी, जशी बाजारात साडीचा पोत पाहून राह्यली.

पिशवी पोरीच्या बापानं, माह्या गोपालनं, खामगावच्या ब्लड बँकेतून आणलेली. येताना कुठं पाण्यालेही थांबला नाही.

"काय पाहून राह्यली वो बाई? लेकरू तिकडं रक्त थुकते!"

"आजी, चांगल्या प्लेटलेट हलवल्या का उजेडात धुरासारख्या फिरतात, चमकतात. ह्या फिरून नाही राह्यल्या."

मी चष्मा पुसून पाह्यलं. आत पिवळं, मुकं पाणी. शिळ्या वरणावरची निवळ परवडली.

"दादा, पिशवी कशात आणली?" तिनं गोपालले विचारलं.

त्याची छाती फुगली. "थर्माकोलच्या डब्यात. खाली बर्फ, वर बर्फ. कोथिंबीर अशीच नेतो मी, एक पान सुकत नाही."

"बर्फात ठेवू नका, असं तिथं सांगतलं नाही?"

"सांगतलं ना. म्हनलं, या लोकायले काय मालूम बाहेर ऊन केवढं! पोरीच्या जिवाची वस्तू, गरम झाली तं?"

"दादा, रक्त थंड्यात ठेवतात. प्लेटलेट थंडीनं मरतात. हे नाही चढवता येत."

मी तिची वाट अडवली. "चढव! अर्ध्या तं जित्त्या असतीन. अख्खं धामणगाव बढे गाव माह्यापुढं वाकते, अन् मी तुह्यापुढं हात जोडून उभी हाओ!"

"नाही, आजी." पिशवी बाजूले ठेवून तिनं फोन उचलला, दुसरी मागवली.

गोपाल परत धावला. मयुरीनं आणखी एक टॉवेल लाल केला. मी गजानन महाराजांशीही भांडून घेतलं.

या खेपेले गोपालनं गाडी दुसऱ्याले हाकाले देली. पिशवी मांडीवर घेऊन, तान्ह्या लेकरासारखी हलवत आणली. डिंपलनं उजेडात धरली. कवडशात धूळ फिरावी तशी आत चमक फिरली. तिनं होकाराची मान डोलावली, नर्स पिशवी घेऊन पळाली.

थेंब पडाले लागले. पोर वाचते का नाही, कोणी सांगेना. मी डिंपलपाशी गेली.

"तुले माया नाही, पोरी. बरंच झालं. माया आमच्या घरी लय आहे. तिनंच बर्फ टाकला."