धाकट्या जावेच्या दोन ओळी

केसांचा चिमटा होता तो — चॉकलेटी, एक दात तुटलेला, आणि त्या तुटक्या दाताशी रुचिताचा एक लांब केस अडकलेला — नूतनच्या लॅपटॉपशेजारी, नूतनच्याच टेबलावर, जशी काही ही जागा पहिल्यापासून त्याचीच. उचलावा आणि खिडकीतून खाली सुपारीच्या वाडीत भिरकावून द्यावा... एवढंसं ते, इतकं का खुपावं? खुपत होतं खरं. तिनं तो बोटानं कडेला सारला आणि लॅपटॉप उघडला.

पडद्यावर कालचंच. वर नूतननं लिहिलेलं वर्णन, खाली धाकट्या जावेनं, रुचितानं लिहिलेलं. अलिबागची त्यांची कंपनी लोकांच्या वेबसाइटचं ऑडिट करून देते — कुठलं पान उघडत नाही, कुठलं बटण चालत नाही, सगळं तपासून. ग्राहकांना उत्तरं द्यायला आता एआय एजंट बसवलाय. त्याच्या हाताशी दोन टूल्स : एक झालेल्या ऑडिटचा रिपोर्ट आणणारं, दुसरं नवं ऑडिट सुरू करणारं. टूलच्या पोटातलं त्या बिचाऱ्याला काही दिसत नाही. वर माणसानं जे वर्णन लिहिलंय तेवढंच वाचून तो ठरवतो, कुणाला हाक मारायची. ती वर्णनं लिहायचं काम नूतनचं होतं... आहे. आहेच अजून.

‘वेबसाइटच्या आरोग्याचं परिपूर्ण चित्र क्षणात समोर ठेवणारं टूल.’ रिपोर्टच्या टूलसाठी किती घोळवलं होतं तिनं हे वाक्य! आणि तो मेला एजंट, कुणी जुना रिपोर्ट मागितला तरी नवंच ऑडिट सुरू करून बसायचा. मग कंपनीचे जीवन सर रुचिताला सहज म्हणाले, तू बघ गं लिहून, आणि हिनं मटार सोलता सोलता बोलावं तसं लिहून टाकलं — ‘आधी झालेल्या ऑडिटचा रिपोर्ट आणतं. नवं ऑडिट करत नाही. त्यासाठी दुसरं टूल वापरा.’ झालं. दोन ओळी, आणि एजंट एकदाही चुकला नाही. यात काय मोठं? हे तर मीसुद्धा... मग नाही लिहिलंस ना, नूतन.

आणि हिला ही नोकरी लावली कुणी? मीच. लग्न होऊन आली, घरात बसून कंटाळली, म्हणून मीच सरांकडे शब्द टाकला. भारी हौस मला.

दारात सासूबाई येऊन उभ्या राहिल्या. भाड्यानं द्यायच्या खालच्या दोन खोल्यांत पाव्हणे उतरले होते.

“रुचिता कुठं हाय गो?”

“मी आहे की, आई. काय हवंय?”

“न्हाय, ऱ्हाऊ दे. तिलाच सांगते.”

गेल्या. चादरी बदलायच्या असतील, दुसरं काय! चादरी मला बदलता येत नाहीत? बारा वर्षं बदलल्या त्या कुणी? नूतनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, आणि त्याच रागात तिनं सरांचा निरोप पुन्हा वाचला : रुचिताचं वर्णन एकदा नजरेखालून घाल आणि पुढे सोड.

नजरेखालूनच घालते. तिनं एजंटला एका अगदी नव्या वेबसाइटबद्दल विचारलं, जिचं ऑडिट कधी झालंच नव्हतं. एजंटनं नेमकं रुचितानं वर्णन लिहिलेलं, रिपोर्ट आणणारंच टूल उचललं, टूल रिकाम्या हातानं परत आलं, आणि एजंट आनंदानं म्हणाला — ‘तुमच्या वेबसाइटमध्ये एकही दोष आढळला नाही.’

तिनं ते पुन्हा वाचलं. रिकामं आलं म्हणजे तपासलेलंच नाही, दोष नाही असं नव्हे — हे कुठे लिहिलंय हिनं? राहिलं. एक वाक्य राहिलं! नूतनचा जीव असा काही गार झाला की तिची तिलाच लाज वाटली. सांगितलं तर ती तेवढं वाक्य घालणार, वर्णन आणखी चांगलं होणार आणि तिचंच राहणार. नाही सांगितलं तर... कुणीतरी ग्राहक खवळेल, सर बोलावतील, मग कळेल बाईसाहेबांना. आणि तो ग्राहक? आपल्यासारखाच कुणी दोन खोल्या भाड्यानं देणारा, बुकिंगचं बटण बंद पडलेलं, आणि हा एजंट त्याला सांगणार सगळं छान आहे... असू दे. मला काय त्याचं? पण ते ‘असू दे’ तिचं तिलाच पटेना.

“वहिनी, बघितलंत?” हातात चहा घेऊन रुचिता आत आली, कपाळावर घाम, पदर खोचलेला. “काही राहिलंय का हो त्यात?”

नूतन पडद्याकडे बघत राहिली. सांग. आत्ता सांग.

“नाही ना?” रुचितानं कप ठेवला. “मग झालं. सर काय, कशालाही बरं म्हणतात. तुम्ही बोलला नाहीत म्हणजे बरोबर असणार.”

हसली, आणि गेलीसुद्धा.

मी काहीच म्हटलं नाही, आणि तिनं त्याचा अर्थ घेतला — दोष नाही. कपातली वाफ वर येत होती आणि नूतनच्या छातीत ते जुनं जळणं तसंच होतं, पण ते आता त्या दोन ओळींवरून नव्हतं. काही राहिलंय का... असं सरळ येऊन विचारता येतं हिला. मला आजवर कुणाला विचारता आलं नाही, ना सरांना, ना सासूबाईंना, ना हिला. खाली अंगणात रुचिता पाव्हण्यांना समुद्राची वाट सांगत होती, कुठे वळायचं, कुठे वळायचं नाही, आणि नूतनच्या ओठांवर तिचं नाव आलं होतं, हाक मात्र अजून बाहेर पडत नव्हती.