उजव्या बाजूची शिवण

छातीत उजव्या बाजूला लिंबाएवढी गाठ, आणि घरात जो तो डॉक्टर. आज तिसरा दिवस. बाळाला त्या बाजूला घेतलं की मी कळवळायचे, मग तेही भोकाड पसरायचं. त्यात सासूबाईंनी पावडरच्या दुधाचा डबा आणून ओट्यावर ठेवला होता, अगदी मला दिसेल असा.

"मी काही म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "थोरलीच्या वेळीही असंच झालं होतं, तेवढं आठवलं."

थोरलीच्या वेळी गाठी होऊन होऊन दुसऱ्या महिन्यातच माझं दूध आटलं. ती बाटलीवर वाढली, छान वाढली, वर्गात सगळ्यांत उंच आहे. पण या वेळी मला पाजायचं होतं. हे आमचं शेवटचं बाळ. का पाजायचंय, याचा खुलासा करत बसायला माझ्या अंगात त्राण नव्हतं.

नणंद म्हणाली, "जोर लावून चोळ, मोकळी होईल." कणीक मळावी तशी मी ती गाठ मळली. ती आणखी तटतटली. नवरा मोबाइलमध्ये बघून म्हणाला, "इथे लिहिलंय, आईने ताण घ्यायचा नाही."

"मग तू घे थोडा," मी म्हटलं.

चार वाजता दवाखान्यातली नर्सबाई आली. आधी तिने चोळणं बंद करायला लावलं. गार फडकं ठेवा, बाळ मागेल तेव्हा पाजा, उद्यापर्यंत ताप आला तर सरळ दवाखान्यात या. मग तिने गाऊन बाजूला केला आणि थांबली. गाठीवरून एक लाल वळ गेला होता.

"हा गाऊन कुणी शिवला?"

मी बाळाचं दुपटं सारखं करायला लागले. पाजायला सोयीचा म्हणून चेन लावून मी तो स्वतः शिवला होता, थोरलीच्या वेळी, सातव्या महिन्यात. बाकीच्या बायका पोत्यासारखे गाऊन घालतात, माझा कसा अंगाबरोबर बसतो! इतक्या वर्षांत एक टाका सुटला नव्हता. आणि पुढच्या खोलीतल्या माझ्या शिलाईच्या दुकानात, मशीनच्या वर, मीच पाटी लावली आहे: जुन्या मापावर कपडे शिवून मिळणार नाहीत.

"ही चेनची शिवण बघा, बरोब्बर गाठीवर दाबतेय," नर्सबाई म्हणाली. "दूध उतरेल कुठून? शिवणाऱ्याला काही अक्कल?"

"आहे आमच्याकडे एक," सासूबाई म्हणाल्या. "फिटिंगचा भारी तोरा आहे तिला."

मला हसूही येईना. नर्सबाई गेल्यावर सासूबाईंनी मशीनच्या खणातून ब्लेड आणून माझ्या हातात दिलं. नवऱ्याचा ढगळ शर्ट घालून मी पलंगावर बसले आणि गाऊन उसवायला घेतला. टाके इतके बारीक घातले होते मेलीने, की निघता निघेनात.

मध्येच बाळ रडलं. मी त्याला उजव्या बाजूला घेतलं, दात आवळले. ते ओढत राहिलं. बऱ्याच वेळाने कुठे गाठ जराशी मऊ लागली. सासूबाईंनी डबा उचलून फडताळात ठेवला, मागच्या बाजूला.

तेवढ्यात थोरली शाळेतून आली. दप्तर टाकून माझ्या मांडीवरचा गाऊन बघत म्हणाली, "आई, हा तर तू मला मांडीवर घेतलेल्या सगळ्या फोटोंत आहे. फाडतेस कशाला?"