नवरंग : ऐकला

"पाचला उठवायचं अन् पोहे मात्र गारढोण! पक्षी बघायला निघालोय का उपास करायला?" टेम्पोच्या मागच्या सीटवर मंजुश्री पुटपुटली. सुनंदाला हसू आलं. वडगावात आठवडाभर यंत्रमागांचा खडखडाट सोसणाऱ्या तिच्या कानांना, मृगाच्या तोंडावरची ही राखीव रानाची सहल म्हणजे माहेरपण. निसर्ग मंडळात वकील, प्राध्यापक, बँकवाले; साड्या विणणारी ती एकटीच. पण अक्षर देखणं, म्हणून पक्ष्यांची यादी लिहायचा मान तिचा. त्या मानाला ती जपून होती.

यादीत पहिलं नाव नवरंगाचं. दोन सुरांत शीळ घालणाऱ्या त्या पक्ष्यासाठीच तर हे रान राखीव झालेलं.

रानात शिरताच दोन गट पडले. ओढ्याकाठी मंडळाचे प्रमुख रघुवीर सरांनी मोबाईलवर नवरंगाची शीळ लावली. खरा पक्षी जवळपास असला तर ओ देतो. सगळे श्वास रोखून उभे राहिले आणि करवंदीच्या जाळीपलीकडून शीळ आली!

"लिहा सुनंदाताई! नवरंग : ऐकला."

तिनं लिहिलं. निदान एकदा डोळ्यांनी बघावा म्हणून ती जाळीला वळसा घालून गेली. पलीकडे दुसऱ्या गटातली अदिती मोबाईल उंच धरून उभी होती.

"काकू, ऐकलंत? तिकडून ओ आली!"

सुनंदा तिच्या हातातल्या मोबाईलकडे बघतच राहिली. अदितीलाही उमगलं. तिचा चेहरा उतरला. "म्हणजे मागच्या वर्षीचीसुद्धा...?"

सुनंदानं सरांना बाजूला घेऊन सांगितलं. सर ओशाळले नाहीत, नुसते दमल्यासारखे दिसले. "ठाऊक आहे मला. पण नवरंग खोडला तर या रानाला राखीव कोण ठेवील? राहू द्या तसंच."

बाकीच्यांनी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

रानाचा राखणदार भरमू तेवढा पुढं आला. "आक्का, वरच्या अंगाला रिसॉर्टवाल्यानं बांध घातलाय. ओढा आटला, किडं गेलं, पाखरू काय खाणार? तीन अर्ज दिलो मी. फारेष्टचं साहेब तुमची यादीच म्होरं करत्यात. 'पाखरं हाईत की रं, मग बिघडलंय काय?'"

"अण्णा, आम्ही रान वाचावं म्हणूनच..."

"आजाऱ्याच्या कागदावर ठणठणीत लिवल्यावर डाक्टर कशाला येतोय, आक्का? अक्षर तेवढं लई झ्याक हाय तुमचं!"

तिनं ओढ्याच्या भेगाळलेल्या पात्राकडं पाहिलं, मग हातातल्या यादीकडं. या माणसाचे तीन अर्ज तिच्या देखण्या अक्षराखाली चिरडले होते! आता बांध फुटला तरी नवरंग परत येईल, याची खात्री भरमूलाही नव्हती.

वाचकहो, इथं लबाड कुणीच नव्हतं. रानावर सगळ्यांचंच प्रेम होतं, तुमचंआमचं आपल्या गावावर असतं तसं. आपणही शाळेच्या तपासणीत, गटाराच्या अहवालात 'ठीक आहे' लिहून मोकळे होतोच ना? जे उरलं नाही ते उरलं नाही म्हणून लिहावं, तरच कुणाला धावून यायची बुद्धी होते. उशीर झाला असेल तरीही लिहावं.

फाटकाशी जीप उभी होती. साहेबांनी यादी घेतली, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. "काय मॅडम, नवरंग आहे न्हवं यंदा पण?"

रघुवीर सर चष्मा पुसू लागले. कुणी पाण्याची बाटली उघडली, कुणी बुटाची नाडी बांधायला वाकलं. पुढच्या वर्षी आपल्याला टेम्पोत जागा नसेल, हे सुनंदाला कळून चुकलं.

"न्हाय, साहेब," ती म्हणाली. "आमचे दोन मोबाईल एकमेकांना ओ देत होते. नवरंग कधीच गेला. आणि तो आहे असं तीन वर्षं मीच लिहीत आलेय."