जावेच्या बोटातली अंगठी

नणंदेच्या साखरपुड्याच्या दिवशी सकाळी सासूबाई माझ्या धाकट्या जावेच्या बोटातली अंगठी ओढत होत्या आणि मी मागून जावेची कंबर धरून उभी होते.

किना शहराहून मुलाकडचे संध्याकाळी येणार होते. नागियाच्या, म्हणजे नणंदेच्या, हातात थोडं सोनं दिसलं पाहिजे, म्हणून जावेची, इन्शिराहची, अंगठी तिला घालायचं ठरलं होतं. पण अंगठी निघेना. साबण झाला, तेल झालं, शेवटी सासूबाईंनी म्हशीचं तूप आणलं.

"बोट आहे की भरलेलं वांगं गं?"

"हळू ओढा, आत्याबाई!" इन्शिराह कळवळली. तिला आठवा महिना होता. "रात्रीपासून डोकं ठणकतंय. डोळ्यांपुढे काजवे चमकताहेत."

"चमकणारच! घरात शुभकार्य आहे."

इन्शिराहने हात सोडवून घेतला. "दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलंय. हात-तोंड सुजलं, डोकं थांबेना, काजवे दिसले, की कळांची वाट बघायची नाही. उठायचं आणि यायचं."

"तिथे तू फुकटच्या साबणासाठी जात होतीस!"

"साबणासाठीच जात होते. पण कान काय घरी ठेवून जात होते?"

मला हसू फुटलं. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी ते गिळलं.

"मी नऊ बाळंतपणं केली," त्या म्हणाल्या. "सूज मलाही आली. मेथीचा काढा घे, उतरेल."

"पाचव्या खेपेला उतरली होती?" इन्शिराह म्हणाली.

पाचव्या खेपेला सासूबाईंच्या अंगात जिन्न शिरला होता. ही हकिगत त्या प्रत्येक लग्नात सांगायच्या. दातखीळ बसली, हातपाय झाडले, चार बायकांना आवरेना, पण शेवटी हरला तो जिन्नच. बाळ गेलं, एवढं मात्र त्या भराभर उरकायच्या.

"जिन्न येण्याआधी डोकं दुखलं होतं का हो?" इन्शिराहने हळूच विचारलं.

सासूबाई तुपाचे हात तसेच धरून खाली बसल्या.

"दुखलं होतं. काजवेही होते."

मग अशा उठल्या की तुपाचं भांडं लवंडलं. "शहाता! अरे गाढवा, टुकटुक रिक्षा काढ!"

इन्शिराहचा नवरा टुकटुकला कागदी फुलं लावत होता. "आई, अजून वरचं झुंबर…"

"झुंबर घाल चुलीत!"

मागे आम्ही तिघी कोंबून बसलो. फुलं बघून रस्त्यातल्या बायकांना वाटलं नवरीच निघाली. दारादारांतून झगारीत, जीभ हलवून काढलेले आनंदाचे चीत्कार, सुरू झाले. सासूबाई डोकं बाहेर काढून ओरडत होत्या, "गप्प बसा गं, वाट सोडा!" त्या बायका जास्तच जोरात आनंद करू लागल्या.

दवाखान्यात रक्तदाब मोजणारीचा चेहरा उतरला. तिने तिथेच सुई टोचली आणि गाडी बोलावून तालुक्याच्या इस्पितळात धाडलं. तिथे आधी अंगठी पकडीने कापली. डॉक्टर म्हणाले, बाळ आता बाहेर काढावंच लागेल, थांबलात तर झटके येतील.

मुलाकडचे घरी आले तर दाराला कुलूप; नागियाही आमच्या मागोमाग इस्पितळात आली होती. शेजारणीने त्यांना इस्पितळात पाठवलं. सासूबाई बाकड्यावर बसल्या होत्या, झगा तुपाने माखलेला. मुलाची आई बघतच राहिली.

"सोनं दाखवायचं होतं," सासूबाई म्हणाल्या. "ते मी कापायला लावलं. आता काय ते बोला."

ती बाई शेजारी टेकली. "माझी थोरली अशीच गेली हो," एवढंच म्हणाली, आणि बाकीची बोलणी दोघींनी त्याच बाकावर उरकली.

मुलगी झाली. मूठभर, पण रडली केवढ्याने! इन्शिराहही शुद्धीवर आली. नागियाचं ठरलं म्हणून की नात झाली म्हणून कोण जाणे, सासूबाईंनी असा झगारीत ठोकला की पहारेकरी धावत आला.

"बाई, हे इस्पितळ आहे!"

"माहितेय मला," त्या म्हणाल्या, "वेळेवर आलोय आम्ही," आणि पुन्हा सुरू झाल्या.